उपदेश मुलींना, सवलत सरकारला

महाविद्यालयांचे वर्ष सुरू झाले की विद्यार्थिनींच्या सुरक्षिततेवरील व्याख्यानांचा हंगामही सुरू होतो. उशिरा बाहेर पडू नका, एकटीने प्रवास करू नका, अनोळखी माणसावर विश्वास ठेवू नका, ११२ क्रमांक लक्षात ठेवा. यांतला एकही सल्ला वाईट नाही. परंतु या साऱ्या आज्ञा मुलींनाच आहेत. एस. टी. महामंडळाने, विद्यापीठाने, गृहखात्याने काय करावे, याची यादी त्या व्यासपीठावरून कोणी वाचून दाखवीत नाही. आमचा आक्षेप आहे तो याला.

जानेफळसारखे गाव घ्या. मेहकर तालुक्यातले, मेहकर-खामगाव रस्त्यावरचे हे गाव. येथल्या शेतमजुराची मुलगी पदवीसाठी फार तर मेहकरला किंवा खामगावला जाईल. तिचे विद्यापीठ मात्र दूर अमरावतीला. ‘एकटीने प्रवास करू नका’ या उपदेशाचा तिच्यापुरता अर्थ ‘शिकू नका’ एवढाच होतो. ज्यांच्या दारात मोटार उभी आहे त्यांच्या मुलींना सावधगिरी परवडते. जिला एस. टी.वाचून गत्यंतर नाही, तिची सावधगिरी आगाराच्या वेळापत्रकावर अवलंबून असते. मार्च २०२३ पासून स्त्रियांना एस. टी.त अर्धे तिकीट आहे, त्याचे स्वागतच करू. पण संध्याकाळची गाडीच सुटली नाही, तर अर्ध्या तिकिटाने प्रवास कशातून करायचा?

आणि एस. टी. स्थानक तरी सुरक्षित आहे काय? २५ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे पुण्याच्या स्वारगेट स्थानकात फलटणच्या गाडीची वाट पाहणाऱ्या तरुणीवर आवारातच उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये बलात्कार झाला. त्यावर राज्याचे गृहराज्यमंत्री योगेश कदम यांनी सांगितले काय, तर तेथे झटापट वा प्रतिकार झाला नाही! देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, तेव्हाही १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगावर जखमा नाहीत हे कारण पुढे करून पोलिसांना सोडले होते. त्या निकालाविरुद्ध देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलावा लागला. कायदा बदलला, मंत्र्यांची भाषा बदलली नाही.

मुलींना वसतिगृहात कोंडले म्हणजे त्या सुरक्षित, असे मानणाऱ्यांनी जून २०२३ मधील मुंबईची घटना आठवावी. मरीन ड्राइव्हवरील सावित्रीबाई फुले यांच्या नावाच्या शासकीय वसतिगृहात विद्यार्थिनीची हत्या झाली. संशयित बाहेरचा कोणी गुंड नव्हता. तेथेच वर्षानुवर्षे काम करणारा कर्मचारी होता, आणि त्याने त्याच दिवशी आत्महत्या केली. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी ओळखीचे असतात, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग वर्षानुवर्षे सांगत आला आहे. मग अनोळखी माणसाची भीती घालून आणि फाटकाला सात वाजता कुलूप लावून कोणाचे रक्षण होते?

राज्यकर्त्यांचे दुसरे आवडते उत्तर म्हणजे फाशी. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने मोठ्या गाजावाजात शक्ती विधेयक संमत केले. राष्ट्रपतींच्या मान्यतेअभावी त्याचा कायदा झालाच नाही. याउलट, १६ डिसेंबर २०१२ रोजी दिल्लीत एक विद्यार्थिनी खासगी बसमध्ये चढली आणि पुढे जिवाला मुकली. त्यानंतर नेमलेल्या न्या. वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये फाशीची शिफारस केली नाही. रस्त्यावरचे दिवे आणि सुरक्षित सार्वजनिक वाहतूक यांची मात्र केली. फाशीच्या घोषणेला पैसे लागत नाहीत. दिव्याला, बसला आणि वसतिगृहाला लागतात. सरकारची पसंती कशाला, हे वेगळे सांगायला नको.

सबब मागण्या साध्या आहेत. महाविद्यालय सुटण्याच्या वेळेशी गावची शेवटची गाडी जुळवा, आणि ती रद्द झाली तर मुलींना घरी पोचविण्याची जबाबदारी आगारावर टाका. प्रत्येक स्थानकात रात्रभर दिवा आणि गस्त असू द्या; उभ्या गाड्यांना कुलूप असू द्या. वसतिगृहातील विद्यार्थिनीच्या तोंडी तक्रारीचीही लेखी नोंद करा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती हवी आणि विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणात तीवर निवडून आलेले विद्यार्थी हवेत. त्या समितीच्या सदस्यांची नावे फलकावर लावा.

एखादी घटना घडली की शहरात मोर्चा निघतो. खेड्यात एका मुलीचे नाव महाविद्यालयाच्या पटावरून निघते. त्या कमी झालेल्या नावाचा पंचनामा कोणतेही पोलीस ठाणे करीत नाही. जिजाऊंचे जन्मस्थान असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात दर १२ जानेवारीला सिंदखेडराजाला माथा टेकवायला येणाऱ्या पुढाऱ्यांना विद्यार्थ्यांनी यंदा एवढेच विचारावे: जानेफळच्या मुलीची संध्याकाळची गाडी किती वाजता आहे?