थंड दूध म्हणजे स्वच्छ दूध नव्हे!

वसमत असो की सेनगाव, औंढा असो की कळमनुरी. संकलन केंद्रावर दूध घातले की फॅट आणि डिग्री पाहून भाव लागतो. जंतूंचा हिशेब तिथे कोणी विचारत नाही. दूध बल्क कूलरमध्ये ४ अंशांवर गेले की तुम्ही-आम्ही निर्धास्त!

दूध आंबवणारे जंतू त्या थंडीत निपचित पडतात, हे खरे. पण काही जंतू थंडीतही वाढतात. स्यूडोमोनास ही त्यांतली मुख्य जात. माती, अस्वच्छ पाणी, नीट न धुतलेली चरवी, कॅनच्या झाकणाचे रबर, इथून ते दुधात शिरतात आणि टाकीत दोन दिवस मिळाले की त्यांचे फावते.

पाश्चरीकरणात ते मरतात, मग भीती कसली? भीती त्यांनी मागे ठेवलेल्या विकरांची. ७२ अंशांवर १५ सेकंद तापवूनही त्यांतली पुष्कळ विकरे टिकतात. तीच पुढे दूध कडवट करतात, तुपा-लोण्याला खवट वास आणतात.

खरी गोम तपासणीत आहे. मिथिलीन ब्लूच्या परीक्षेत नळी ३७ अंशांवर ठेवतात. थंडीतल्या जंतूंना ती ऊब मानवत नाही. निळा रंग टिकतो, दूध पास होते! त्यांची नेमकी मोजणी करायची तर नमुना ७ अंशांवर १० दिवस ठेवावा लागतो. तोवर दूध गिऱ्हाइकाच्या पोटात गेलेले असते. म्हणून २१ अंशांवर २५ तासांत अंदाज देणारी पद्धतही आहे. रोज नको, महिन्यातून दोनदा प्रत्येक कूलरचा आणि कॅनचा नमुना तपासला, तरी दोष गोठ्यात की टाकीत, हे कळेल.

हे कळणे महत्त्वाचे, कारण दूध खराब ठरले की खापर फुटते ते शेतकऱ्याच्या डोक्यावर. टाकी धुतली नाही कुणी आणि कपात कुणाच्या बिलात?

विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पाचा दुसरा टप्पा शासनाने २०२४ मध्ये १९ जिल्ह्यांसाठी मंजूर केला. त्यात हिंगोलीही आहे. दूध वाढवायचे तर ही तपासणीही हवी. शेतकरी बंधूंनो, सड धुऊन कोरडे करा, चरवी गरम पाण्याने घासून उन्हात पालथी घाला. एवढे आपण करू. मग कूलरच्या तपासणीचा कागद केंद्रावर हक्काने मागा!