राऊटरची मुदत

घरातील राऊटर हा एक लहानसा संगणकच होय. त्याच्या कायम स्मृतीत साठविलेल्या आज्ञावलीस फर्मवेअर म्हणतात. राऊटर अडला, की पाठीमागील छिद्रात टाचणी घालून आतली कळ दाबून ठेवावी आणि तो मूळ स्थितीत आणावा, अशी रीत आहे. त्यायोगे मालकाने केलेली मांडणी पुसली जाते आणि कारखान्यात दिलेला पासवर्ड पुन्हा लागू होतो. फर्मवेअरमधील दोष मात्र सामान्यतः तसाच राहतो.

२०१८ साली ‘व्हीपीएनफिल्टर’ नामक घातक आज्ञावलीने ५४ देशांतील किमान ५ लाख उपकरणे ग्रासली. उपकरण बंद करून पुन्हा सुरू केले, तरी तिचा पहिला अंश टिकून राही. म्हणून ते मूळ स्थितीत आणणे व नवे फर्मवेअर चढविणे, हे दोन्ही उपाय आवश्यक ठरले. परंतु निर्मात्याने नवे फर्मवेअर देणेच थांबविले, तर ग्राहकाने काय करावे?

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून, सुरक्षाविषयक सुधारणा किमान केव्हापर्यंत मिळतील हे जाहीर करणे निर्मात्यांवर बंधनकारक आहे. औषधाच्या वेष्टनावर मुदत छापलेली असते. राऊटरच्या वेष्टनावरही ती सर्वत्र असावी. टाचणी ग्राहकाच्या हाती असली, तरी दोष दूर करणे निर्मात्याचेच कर्तव्य होय.