अक्षरांत मावलेली चाल, निसटलेला बाज

आयर्लंड, स्कॉटलंड आणि इंग्लंडमधील हजारो लोकधुना आज इंटरनेटवर साध्या मजकुराच्या स्वरूपात उपलब्ध आहेत. पाच रेषांच्या पाश्चात्त्य स्वरलेखनाऐवजी केवळ कळफलकावरील अक्षरे वापरून लिहिलेल्या या पद्धतीला 'एबीसी' असे म्हणतात. ज्या संगणकप्रणाली या मजकुराची छापील स्वरलिपी करतात किंवा तो वाजवून दाखवितात, त्यांच्या मर्यादांची चर्चा आजवर हौशी वादकांपुरतीच सीमित होती. मात्र आता याच मजकुरावर कृत्रिम बुद्धिमत्तेला संगीताचे धडे दिले जात असल्याने प्रश्नाचे स्वरूप पालटले आहे.

या पद्धतीचे जनक ख्रिस वॉलशॉ. १९८० च्या दशकात, पाश्चात्त्य स्वरलिपी शिकण्यापूर्वी, ऐकलेल्या धुनांचे तुकडे ते अक्षरांत टिपून ठेवीत. पुढे फ्रेंच बॅगपाइपचे संगीत 'म्युझिकटेक' या प्रणालीत उतरविण्याचे कंटाळवाणे काम हलके व्हावे म्हणून त्यांनी एक छोटी प्रणाली लिहिली. १९९३ पर्यंत तिला 'एबीसी टू एमटेक' हे रूप आले. मोठी अक्षरे खालच्या सप्तकासाठी, लहान अक्षरे वरच्या सप्तकासाठी, इतका तिचा पाया सुटसुटीत होता. ई-मेलमधूनही धून पाठविता येत असे. तिच्या लोकप्रियतेचे रहस्य याच साधेपणात आहे, आणि अडचणींचे मूळही तिथेच आहे.

आयरिश फिडलवादक लांब स्वरावर जो 'रोल' घेतो, त्यात मूळ स्वराच्या वरखाली झटपट स्पर्श असतात. बासरीवर तो वेगळा होतो, पाइपवर आणखी वेगळा. एबीसीत त्यासाठी '~' हे एकच चिन्ह आहे, आणि त्याचा अर्थ वादकाने आपल्या परंपरेनुसार लावावा अशी मूळ कल्पना होती. परंपरेत वाढलेल्या माणसाला ती पुरते, संगणकाला पुरत नाही. काही प्रणाली हे चिन्ह नुसते छापतात, तर वाजविताना त्याकडे सरळ दुर्लक्ष होते.

लयीचे दुखणे याहून अवघड आहे. 'हॉर्नपाइप' प्रकारची धून बहुधा समान मात्रांत लिहितात, पण वाजविताना पहिला स्वर लांबतो व दुसरा आखूड होतो. त्यासाठीचे '>' हे चिन्ह वापरले तर प्रमाण तीनास एक असे ठरते. प्रत्यक्ष वादन पुष्कळदा दोनास एकच्या जवळ राहते, आणि तेही गावागणिक, वादकागणिक बदलते. जेम्स ऑलराइट यांच्या 'एबीसी टू मिडी'ने 'हॉर्नपाइप' हा शब्द ओळखून झोल देण्याची सोय केली, पण तो झोलही एका ठरीव गुणोत्तराचाच. स्कॉटिश हायलँड पाइपचे स्वरस्थान तर पियानोच्या समान स्वरांतरांशी जुळतच नाही. त्याच्यासाठी पद्धतीत स्वतंत्र 'एचपी' ही खूण आहे, मात्र तिच्यामुळे स्वरलिपीचा मथळा बदलतो, नाद बदलत नाही.

त्यात प्रमाणीकरणाची कथा मनोरंजक म्हणावी अशी. एका जुन्या प्रणालीने '!' हे चिन्ह ओळ तोडण्यासाठी वापरले, इतरांनी तेच चिन्ह अलंकारांभोवती लावले. मग २.० या आवृत्तीत अलंकारांसाठी '+' आले आणि डिसेंबर २०११ च्या २.१ आवृत्तीत पुन्हा '!' परतले. दरम्यान लिहिलेले संग्रह कोणत्या प्रणालीत नीट उघडतील, हे ती फाईल केव्हा व कोणत्या साधनावर तयार झाली यावर ठरू लागले. शिवाय '%%' ने सुरू होणाऱ्या आज्ञा प्रत्येक साधनाच्या आपापल्या असतात. दुसरे साधन त्या मुकाट्याने गाळते. चूक दाखविली तर माणूस ती दुरुस्त करील, न दाखविता गाळलेले कोणाला कळणार?

ही उणीव आता दूरवर पोहोचली आहे. २०१५ मध्ये बॉब स्टर्म व सहकाऱ्यांनी 'द सेशन' या संकेतस्थळावरील २३ हजारांहून अधिक नोंदी वापरून 'फोक-आरएनएन' ही धुना रचणारी प्रणाली शिकविली. २०२४ मधील 'चॅटम्युझिशियन' हे भाषिक प्रारूपही एबीसी मजकुरावरच शिकले. मजकुरात केवळ स्वरांचा सांगाडा असेल, तर यंत्र सांगाडाच शिकणार. रोल, झोल आणि श्वासाच्या जागा त्याने कधी पाहिलेल्याच नाहीत. तरीही त्याने रचलेली धून 'आयरिश' याच नावाने कानी पडते.

महाराष्ट्राला हा प्रश्न अगदीच परका नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनीही अक्षरांचीच स्वरलिपी रूढ केली. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली बिंदू. छापखान्यात हे खिळे जुळत असत, संगणकावर मात्र अक्षराखालची रेघ व बिंदू हमखास सरकतात. गीताच्या शब्दांसाठी एबीसीत युनिकोडची मुभा आहे, पण प्रत्येक स्वराखाली एकेक अवयव बसवायचा असल्याने शब्द तोडावे लागतात, आणि 'ज्योत्स्ना'सारखा शब्द कोठे तोडावा हे यंत्र सांगू शकत नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्यांचे शब्द संकलित करविले. चाली टिकाव्यात म्हणून १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने ध्वनिमुद्रण झाले. हेच बेल 'बोल प्रोसेसर' या, तबल्याचे बोल मजकुरात हाताळणाऱ्या प्रणालीचे निर्माते. मजकुरातून संगीत हाताळणाऱ्या माणसाने ओव्यांसाठी ध्वनिमुद्रणाचा मार्ग धरला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आयरिश धुनांच्या एबीसी नोंदीत मुद्रणाचा दुवा जोडण्यासाठी एक रकाना आहेच. बहुतेक नोंदींत तो रिकामा असतो.