केसांचा टोप, इजिप्तचे ऊन आणि एक सोयीस्कर कारण

१/ लक्सरसमोर, नाईल नदीच्या पश्चिम तीरावर मेन्ना नावाच्या अधिकाऱ्याची कबर आहे. काळ साधारण इ. स. पूर्व १४००. शेतांचा हिशेब ठेवणारा हा राजसेवक. कबरीच्या भिंतीवर कापणीचा हंगाम रंगवलेला आहे. सांडलेली कणसे वेचणाऱ्या दोन मुली एकमेकींच्या झिंज्या धरून भांडत आहेत आणि झाडाखाली एक मजूर डुलकी काढतो आहे. मेन्ना मात्र मांडवाच्या सावलीतून या साऱ्या कामावर नजर ठेवून आहे.

२/ हे चित्र मनात ठेवून एक लोकप्रिय विधान तपासावे: ‘प्राचीन इजिप्शियन लोक उन्हापासून केसांचे रक्षण व्हावे म्हणून केसांचे टोप वापरीत.’ समाजमाध्यमांवरील चित्रफितींपासून लोकप्रिय पुस्तकांपर्यंत हे वाक्य इतक्या वेळा आले आहे, की त्याला पुरावा मागणेही कोणाला सुचत नाही. आणि लगेच पुढचे वाक्य असते: ‘इजिप्शियन लोक डोके तुळतुळीत ठेवीत.’

३/ ही दोन्ही वाक्ये शेजारी ठेवली की पहिली अडचण दिसते. डोक्यावर केसच नसतील, तर टोपाने उन्हापासून वाचवले ते काय? फार तर टाळू. केसांचे रक्षण आणि टाळूचे रक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच दमात दोन्ही सांगणारे स्पष्टीकरण अभ्यासातून आलेले नसते. ते ऐकीव असते.

४/ प्रत्यक्ष पुरावा अधिक गुंतागुंतीचा आहे. मैदूम येथे सापडलेला, चौथ्या राजवंशाच्या काळातील नोफ्रेतचा पुतळा कैरोच्या संग्रहालयात आहे. तिच्या जड टोपाखाली, कपाळावर तिचे स्वतःचे केस शिल्पकाराने स्पष्ट दाखवले आहेत. म्हणजे टोप केसांवरही घातला जाई. मुंडण केलेल्या डोक्यावर घालायचे ते आवरण, एवढीच त्याची ओळख नव्हती.

५/ राजघराण्यातील स्त्रियांच्या बाबतीतही तेच. राजांच्या दरीतील के. व्ही. ३५ या कबरीत मिळालेली ‘वडीलधारी स्त्री’ २०१० मध्ये डीएनए चाचणीच्या आधारे तिये राणी म्हणून ओळखली गेली. तिचे लांब, लाटदार केस आजही शाबूत आहेत. सरसकट ‘सगळे इजिप्शियन टकले’ हे चित्र येथेच कोलमडते.

६/ मग मुंडण कोण करीत असे? हिरोडोटसच्या म्हणण्याप्रमाणे पुरोहित दर तिसऱ्या दिवशी सर्वांगाचे केस काढीत. देवाची सेवा करणाऱ्याच्या अंगावर ऊ किंवा इतर कसली अस्वच्छता असू नये, हे त्यामागचे कारण. शुचितेचा हा विचार मराठी वाचकाला परका वाटू नये. येथे कारण धार्मिक आहे आणि ते समकालीनांच्या जवळ असलेल्या साक्षीदाराने नोंदवले आहे.

७/ याच हिरोडोटसची दुसरी साक्ष तर लोकप्रिय विधानाच्या थेट विरोधात जाते. इ. स. पूर्व ५२५ मध्ये पेलुसियम येथे इराणी आणि इजिप्शियन सैन्यांची लढाई झाली. तेथील हाडे पाहिल्याचे सांगून तो म्हणतो, की इराण्यांच्या कवट्या खड्याने फुटाव्यात इतक्या नाजूक, तर इजिप्शियनांच्या धोंड्यानेही न फुटणाऱ्या. कारण? इजिप्शियन लहानपणापासून डोके भादरतात आणि उन्हाने कवटी कणखर होते. इराणी मात्र टोप्या घालून सावली धरतात.

८/ त्याचे हाडांचे शास्त्र अर्थातच ग्राह्य धरता येत नाही. पण त्याने काय पाहिले, ते महत्त्वाचे आहे. उघड्या डोक्याने उन्हात वावरणारे लोक म्हणून त्याने इजिप्शियनांची नोंद केली. ऊन चुकवण्यासाठी टोपाखाली दडलेला समाज त्याच्या वर्णनात नाही.

९/ आता टोपांकडेच वळावे. ब्रिटिश म्युझियममध्ये थीब्जहून आलेला अठराव्या राजवंशातील एक टोप आहे. जाळीदार बैठकीवर मानवी केसांच्या बटा बसवलेल्या, त्या मेण आणि राळ लावून पक्क्या केलेल्या. वर फिकट कुरळ्यांचा थर, खाली गडद बारीक वेण्या. तूरिनच्या संग्रहालयात मेरित या स्त्रीचा टोप आहे. १९०६ मध्ये एर्नेस्टो स्कियापारेल्ली यांना देर अल-मदीना येथील तिच्या आणि तिचा पती खा याच्या कबरीत तो मिळाला. एवढी मेहनत, एवढे केस, एवढे कौशल्य ज्या वस्तूत ओतले आहे, ती वस्तू छत्रीचे काम करण्यासाठी घडवली असेल का?

१०/ टोप कोठे दिसतात, हा प्रश्नही विचारला पाहिजे. कबरींच्या भिंतींवर ते सर्वांत दिमाखाने दिसतात ते मेजवान्यांत. नेबामूनच्या कबरीतील प्रसिद्ध मेजवानीचे चित्र आठवावे: पाहुणे बसलेले, गाणे-बजावणे चाललेले, दाट वेण्यांवर सुगंधी शंकू. तेथे कोणाच्याही डोक्यावर ऊन नाही. उलट दिवसभर उन्हात राबणारे शेतकरी, गवंडी, कोळी बहुधा आखूड कापलेल्या केसांनी रंगवलेले असतात. ज्याला उन्हाचा त्रास सर्वाधिक, त्याच्याकडे टोप सर्वांत कमी.

११/ उन्हावर उपाय इजिप्तमध्ये होतेच. मांडव होते, पंखे आणि छत्रे धरणारे सेवक होते, डोक्याला गुंडाळायचे तागाचे कापड होते. स्वस्त, हलके आणि धुता येणारे कापड हाताशी असताना, उन्हासाठी म्हणून मेणात माखलेल्या केसांचा भार कोणी डोक्यावर घेईल, हे पटत नाही.

१२/ विरुद्ध बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. टोपाने सावली मिळते, हे खरेच आहे. टीना लसीसी आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात तापमान मोजणाऱ्या पुतळ्याच्या डोक्यावर मानवी केसांचे टोप चढवून कृत्रिम उन्हात चाचण्या घेतल्या. सरळ, लाटदार, कुरळे अशा सर्वच केसांनी डोक्यापर्यंत पोचणारी सूर्याची उष्णता कमी केली. घट्ट कुरळ्या केसांनी सर्वाधिक. तेव्हा टोप घातलेल्या इजिप्शियनाच्या टाळूला उन्हाचा चटका कमी बसत असणार, यात शंका नाही.

१३/ पण परिणाम म्हणजे हेतू नव्हे. पैठणीनेही थंडी कमी वाजते. म्हणून पैठणी थंडीसाठी विणली जाते असे कोणी म्हणत नाही. इतिहासाच्या अभ्यासात ही गल्लत वारंवार होते. एखाद्या प्रथेचा आज दिसणारा फायदा उचलायचा आणि तोच तिच्या जन्माचे कारण म्हणून मागे नेऊन चिकटवायचा. ‘आपल्या प्रत्येक परंपरेमागे शास्त्रीय कारण आहे’ असे सांगत फिरणारे संदेश ज्या पद्धतीने तयार होतात, तीच ही पद्धत.

१४/ मग हेतू काय असावा? केसांविषयीची आस्था हे एक उत्तर पुराव्यातूनच मिळते. इ. स. पूर्व १५५० च्या सुमाराच्या इबर्स पपायरसमध्ये केस गळू नयेत, पांढरे होऊ नयेत म्हणून उपाय आहेत. त्यांतील एकात सिंह, पाणघोडा, मगर अशा प्राण्यांची चरबी सांगितली आहे. ज्या समाजाला टक्कल पडण्याची एवढी चिंता होती, त्याला दाट केसांचे मोल काय वाटत असेल, हे वेगळे सांगायला नको.

१५/ दुसरा पुरावा अमार्ना येथील साध्या लोकांच्या दफनभूमीतून येतो. तेथील एका स्त्रीच्या डोक्यावर सुमारे ७० जोडबटा आढळल्या. तिच्या स्वतःच्या केसांत त्या गुंफलेल्या होत्या. मराठी घरांत या वस्तूला नाव आहे: गंगावन. आजीच्या पिढीतील कित्येक स्त्रिया विरळ वेणीत गंगावन घालीत. का, असे विचारले तर उत्तर एका शब्दाचे असे: वेणी भरदार दिसावी म्हणून. तेथे उन्हाचा संबंध नव्हता आणि उत्तर देणारीला त्याची लाजही नव्हती.

१६/ येथेच या प्रश्नाचे खरे गांभीर्य आहे. ‘उन्हापासून रक्षण’ हे कारण वरवर आदरपूर्वक वाटते; प्राचीन लोक किती शहाणे होते, असे ते सुचवते. प्रत्यक्षात ते त्यांच्याकडून बरेच काही हिरावून घेते. नटण्याची हौस, म्हातारपण झाकण्याची धडपड, देवळात शुद्ध होऊन जाण्याची ओढ, शेजाऱ्याहून वरचढ दिसण्याची ईर्षा हे सारे पुसले जाते आणि उरतो तो केवळ हवामानाला प्रतिसाद देणारा देह.

१७/ त्याहून मोठी गोष्ट म्हणजे विषमता पुसली जाते. ‘इजिप्शियन लोक उन्हासाठी टोप घालीत’ या वाक्यात कोणते लोक, हा प्रश्नच उरत नाही. जणू ऊन सर्वांना सारखे आणि टोपही सर्वांना सारखा. टोप हा दर्जाचा पुरावा होता असे म्हटले, की लगेच विचारावे लागते: दर्जा कोणाचा, आणि तो नसलेले कोठे होते? सोयीस्कर कारणाचा हाच तोटा. ते प्रश्न सोडवत नाही, बंद करते.

१८/ उत्तर मेन्नाच्या भिंतीवर आहे. भर कापणीत, शेतात भांडणाऱ्या त्या दोन मुलींच्या डोक्यांवर टोप नाहीत. असते, तर पहिल्याच हिसक्याला ते हातात आले असते. त्यांचे केस त्यांचे स्वतःचे आहेत, आणि ऊनही त्यांच्याच वाट्याचे. कबर ज्याची, तो सावलीत आहे. इजिप्तमधील टोपाचा इतिहास लिहायचा तर सूर्यापेक्षा या दोन जागांमधील अंतरापासून सुरुवात करणे अधिक न्याय्य ठरेल.