टक्केवारी एका दिवसाची, जखम आयुष्यभराची

जवान सीमेवर जखमी झाला की गावात फलक लागतो, पुढारी हार घालून जातात. पण वीस वर्षांनी त्याच्या शरीराचे काय होते, हा प्रश्न बारामती-इंदापूरच्या पुढाऱ्यांना कधी पडतो काय?

ब्रिटनने हा प्रश्न विचारला आहे. अफगाणिस्तानात गंभीर जखमी झालेले आणि तेथेच लढून सुखरूप परतलेले अशा सुमारे अकराशे सैनिकांची वीस वर्षे तपासणी करणारा 'ॲडव्हान्स' हा अभ्यास तेथे सुरू आहे. पहिल्याच फेरीत जखमींमध्ये हृदयविकाराचा धोका अधिक आढळला. पाय गेला की चालणे घटते, वजन वाढते, वेदनेने झोप उडते. शाबूत पायाचा गुडघाही झिजतो.

आपल्याकडे सोयीच नाहीत असे नव्हे. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे, तर माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना २००३ पासून. पण योजना दारात आलेल्यावर उपचार करते. जो आलाच नाही, त्याची नोंद कोण ठेवणार?

सेवेतून बाहेर पडताना वैद्यकीय मंडळ अपंगत्वाची टक्केवारी ठरवते. ती त्या दिवसाची असते. पुढे हृदय दुबळे झाले, तर तो आजार जुन्या जखमेतूनच आला हे जवान कशाच्या आधारे सिद्ध करणार? ज्याच्या नावावर ऊस आहे तो खासगी दवाखाना गाठेल. भूमिहीन जवानाचा आधार पेन्शनच.

आपल्या समाजाला सैन्याची दारे सहज उघडली नाहीत. भरती बंद झाल्यावर १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केला. १९४१ मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्याच वर्षी महार रेजिमेंट उभी राहिली. भरतीचा हक्क लढून मिळवला. जखमेनंतर निरोगी जगण्याचा हक्क खैरात म्हणून का मागायचा?

बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. माजी सैनिकांची नोंद जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे असते. दोघांनी मिळून दोन्ही तालुक्यांतील जखमी आणि न जखमी माजी सैनिकांची दरवर्षी तपासणी करावी. रक्तदाब, साखर, हृदय, गुडघे आणि मन तपासावे; जात आणि जमीनधारणाही नोंदवावी. त्याशिवाय कोण अधिक खचतो ते कळणार नाही.

माजी सैनिकांच्या संघटनांनी आणि चळवळीच्या कार्यकर्त्यांनी ही मागणी लेखी द्यावी. हार सुकतात, नोंदी टिकतात.