नियम रास्त, पण तो कळतो केव्हा?
अमेरिकेत विद्यापीठाच्या संघातून खेळावयाचे तर नुसते चपळ पाय पुरत नाहीत. ‘एनसीएए’ या तेथील क्रीडासंघटनेच्या पहिल्या श्रेणीसाठी माध्यमिक शाळेच्या चार वर्षांत 16 मान्य अभ्यासक्रम पुरे करावे लागतात. शिवाय त्यांत सरासरी 2.3 गुणांक हवा. अशा निर्बंधांचा पाया 1983 साली घातला गेला, तेव्हा वादही पुष्कळ माजला. खेळाडूच्या घामावर प्रेक्षागारे भरावयाची आणि त्याच्या शिक्षणाची मात्र चाड बाळगावयाची नाही, या वृत्तीला लगाम हवाच होता, याविषयी आम्हांस संदेह नाही.

खरी मेख काळाची आहे. सोळांपैकी दहा अभ्यासक्रम, आणि त्यांतले सात इंग्रजी, गणित व विज्ञान यांचे, अखेरचे वर्ष सुरू होण्यापूर्वी संपवावे लागतात. मागाहून तेच विषय पुन्हा घेऊन त्यांचे गुण सुधारता येत नाहीत. त्यातून शाळेत शिकविलेला प्रत्येक विषय संघटनेच्या यादीत असतोच असेही नाही. म्हणजे शाळा रीतसर उत्तीर्ण झालेला मुलगाही सामन्यांस मुकू शकतो! सुशिक्षित घरांत, तेथे स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींच्या घरांतही, हा हिशेब आईबाप ठेवतात. ज्या घरातून कोणीच कॉलेजची पायरी चढलेले नाही, तेथील चौदा वर्षांच्या पोराने तो कोणाला विचारावा? प्रवेशपरीक्षेच्या गुणांची अट 2023 साली उठली, हे बरे झाले. आता नववीच्या आरंभीच प्रत्येक खेळाडूस ही यादी समजावून देण्याचे बंधन शाळांवर घालावे, आणि ज्या शाळेने ते पाळले नाही तिला जाब विचारावा, मुलाला नव्हे.