रंग लागण्याआधीचे फोटो टाका

होड्या बांधणाऱ्या एखाद्या कारखान्याचं सोशल मीडियावरचं पान उघडून बघा. बहुतेक वेळा चित्र ठरलेलं असतं. चकचकीत रंगवलेली नवी होडी, नाळेला झेंडूचा हार, शेजारी हसरे मालक आणि खाली 'ऑर्डरसाठी संपर्क करा'. पुढची पोस्ट थेट चार महिन्यांनी, आणि तीही अशीच. मधल्या काळात कारखान्यात काय घडलं, त्याचा मागमूस नाही. घेणाऱ्याला मात्र तेच तर बघायचं असतं!

होडी म्हणजे काही साडी नव्हे, की फोटो आवडला आणि मागवली. तिच्यात लाखो रुपये जातात, तेही अनेकदा कर्जाचे. शिवाय घरची माणसं तिच्यात बसून खोल पाण्यात जाणार असतात. म्हणून गिऱ्हाईक विचारतं, लाकूड कुठलं, सांधे कसे घातलेत, आतून किती भक्कम आहे? रंग चढला की ही सगळी उत्तरं झाकली जातात. फायबरच्या होडीत तर जास्तच. साच्यात काचतंतूंचे किती थर घातले, रेझिन सगळीकडे नीट भिनलं की मध्ये हवेचे फुगे राहिले, हे तयार होडीकडे नुसतं बघून सांगता येत नाही.

तेव्हा पहिला नियम हाच ठेवा, की जे पुढे झाकलं जाणार आहे त्याचा फोटो आज काढायचा. तळाचा कणा बसवला, फासळ्या उभ्या राहिल्या, फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठासला, काजूच्या टरफलांच्या तेलाचा हात दिला, त्या प्रत्येक टप्प्यावर फोन बाहेर काढा. हेच फोटो गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि त्यांची परवानगी असेल तर पानावरही टाका. पाच वर्षांनी होडी दुरुस्तीला आली, की हाच अल्बम तुमच्याही कामाला येईल.

'असलं घामाचं काम कोण बघणार?' असं वाटत असेल, तर 'टॅली हो' या शिडाच्या बोटीची गोष्ट ऐका. 1910 सालची ही इंग्लिश बोट, 1927 ची फास्टनेट शर्यत जिंकलेली. पुढे अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये ती सडत पडली होती. लिओ गुल्डन या तरुण इंग्लिश कारागिराने 2017 मध्ये ती एका पौंडाला विकत घेतली आणि जवळपास नव्याने बांधली. हे सगळं काम त्याने यूट्यूबवर दाखवलं. एकेका सांध्यावर अख्खा व्हिडिओ! लोकांनी ते मनापासून बघितलंच, पण कामासाठी पैसेही पाठवले. एप्रिल 2024 मध्ये बोट पुन्हा पाण्यात उतरली. त्या व्हिडिओंत पांचो नावाचा एक मकाव पोपटही अधूनमधून लुडबुड करतो आणि प्रेक्षकांचा तो भलताच लाडका आहे. तुमच्या कारखान्यातलं मांजर उगाच फ्रेमबाहेर हाकलू नका.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर नौदलाचं 'आयएनएसव्ही कौंडिण्य' बघा. अजिंठ्याच्या लेण्यातल्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून हे जहाज गोव्यात बांधलं गेलं. एकही खिळा न ठोकता, फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून! केरळचे बाबू शंकरन आणि त्यांचे कारागीर हे काम करत होते. 2025 मध्ये जहाज नौदलात दाखल झालं. लोकांना भुरळ पडली ती त्या शिवणीची. पूर्ण जहाजाच्या देखण्या फोटोपेक्षा दोरी ओढणाऱ्या हातांचा फोटो मला तरी जास्त वेळ धरून ठेवतो.

आता थोडं आवाजाबद्दल. रीलवर चालू सिनेमाचं गाणं चिकटवण्याची घाई नको. फळीवर चालणारा वाकस, रंधा, होडी पाण्यात ढकलताना सगळ्यांनी एका सुरात दिलेली हाळी हे आवाज तुमच्याकडेच आहेत. गाणं काय, सगळ्यांकडे असतं.

ऑर्डर नाही, म्हणून पोस्ट नाही, हेही बरोबर नाही. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या असतात. डागडुजीची माहिती द्यायला याहून चांगला काळ कुठला? फळी कुजायला लागली हे कसं ओळखायचं, फायबरला तडा गेला तर काय करायचं, हे दोन मिनिटांत सांगा. नारळी पौर्णिमेच्या शुभेच्छांचं तयार चित्र पुढे ढकलण्यापेक्षा याचा उपयोग लोकांना जास्त होतो. आणि किंमत विचारली की 'इनबॉक्स करा' असं उत्तर देऊ नका. लांबी, इंजिन आणि साहित्याप्रमाणे अंदाजे इतके ते इतके, असं उघड सांगितलं की चौकशीला येणारा माणूस तयारीनेच येतो.

काही गोष्टी मात्र टाकू नयेत. गिऱ्हाइकाचं नाव, होडीचा नोंदणी क्रमांक न विचारता दाखवू नये. कारागीर अनवाणी, मास्कशिवाय फायबर घासतोय असा व्हिडिओ तर नकोच. आधी त्याला मास्क द्या, मग शूटिंग करा.

सर्वात मोलाचा व्हिडिओ मात्र विक्रीसाठी नसतो. केरळातल्या बेपूरला 'उरू' नावाची भली मोठी लाकडी जहाजं कागदावर नकाशा न काढता बांधण्याची परंपरा आहे. मापं सगळी मिस्त्रींच्या डोक्यात. कच्छच्या मांडवीत नदीकाठी उघड्यावर जहाजं उभी राहतात. कोकणातही असे जुने सुतार आहेत. त्यांची मुलं नोकरीसाठी मुंबई-पुण्याला गेली, की ते ज्ञान कुणाला सांगायचं, हा प्रश्न उरतोच. अशा आजोबांना कॅमेऱ्यासमोर खुर्चीवर बसवून 'काहीतरी बोला' म्हटलं, तर ते दोन वाक्यांत गप्प होतील. हातात काम असू द्या. फोन बाजूला कुठेतरी टेकवून ठेवा आणि नातवाला विचारू द्या, 'आजोबा, हा बाक इतकाच का दिला?'